दिवस गेलेत? बारा आठवड्यांच्या आत नाव घाला

आमच्या भांडुपच्या चाळीत एखादी नवी सून सकाळी सकाळी लिंबू हुंगताना दिसली की शेजारणी काही विचारत नाहीत. 'तीन महिने कुणाला सांगायचं नाही' हा नियम सगळ्यांच्याच घरात आहे, त्यामुळे समजून घ्यायचं आणि गप्प बसायचं. पहिल्या वेळी मीही तो नियम पाळला. घोळ एवढाच झाला की मी डॉक्टरांनाही सांगितलं नाही. चौथा महिना सरत आल्यावर सासूबाईंबरोबर रुग्णालयात गेले, तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघालं. केस पेपरवर लिहिता लिहिता डॉक्टर मॅडमनी मान वर न करताच विचारलं, "इतके दिवस होता कुठे?" एक महत्त्वाची सोनोग्राफी तोवर हुकली होती. ती नंतर करून चालत नाही, हे मला तिथे बाकावर बसल्यावर कळलं.

दुसऱ्या वेळी सातव्या आठवड्यात रुग्णालयात नाव घातलं, म्हणजे नोंदणी केली. तेव्हापासून चाळीत कुणाचे दिवस गेले की मला हाक येते. मी डॉक्टर नाही. पण कुठल्या दारात कधी जायचं, कुठला कागद लागतो, कुठल्या तारखेला काय हुकतं, हे पाठ झालंय. लग्न होऊन सांगली, सिंधुदुर्ग किंवा जळगावहून मुंबईत आलेल्या पहिलटकरणीला हे सांगणारं घरात कुणी नसतं, म्हणून लिहून काढते आहे. शेजारच्या काकूंना तीन महिने सांगू नका, हवं तर. डॉक्टरांना मात्र सांगा.

रेघा उमटल्या त्या दिवशी

पाळी चुकली की औषधाच्या दुकानातून किट आणायचं आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करायची. पालिकेच्या आरोग्य सेविकेकडे किंवा आशाताईंकडे सरकारी किट फुकट मिळतं. दोन रेघा आल्या की भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि शेवटच्या पाळीचा पहिला दिवस शोधून त्यावर गोल करा. पुढचं सगळं गणित त्या तारखेवर चालतं. डॉक्टर 'एलएमपी किती?' म्हणून विचारतात ती हीच. पाळी संपल्याची तारीख नव्हे, आली त्या दिवसाची.

समजा ती तारीख १० ऑक्टोबर आहे. त्यात नऊ महिने सात दिवस मिळवा: १७ जुलै. ही तुमची ड्यू डेट. बाळ नेमकं त्याच दिवशी येईल असं नाही, पुढेमागे होतंच. पण तारीख जुलैत पडते आहे एवढं कळलं, तरी मुंबईत खूप काही कळलं. ते का, ते पुढे येईलच. हेच १० ऑक्टोबरचं उदाहरण आपण शेवटपर्यंत वापरू.

त्याच दिवशी आणखी दोन कामं. एक, फॉलिक ॲसिडची गोळी. पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण ४०० मायक्रोग्रॅम लागतं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच बंद होते. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येऊन आपण 'अजून आठवडाभर बघू' म्हणतो, तोवर ते काम संपत आलेलं असतं. खरं तर मूल हवं असं ठरवलं तेव्हापासूनच ही गोळी सुरू करायची असते. राहिली असेल तर आज सुरू करा. मधुमेह असेल, फिट्सची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डोस वेगळा असतो, तो डॉक्टरांनाच विचारा.

दुसरं, चालू असलेल्या औषधांची यादी. थायरॉइड, रक्तदाब, फिट्स, मुरुमांच्या गोळ्या, वैद्यांनी दिलेली भस्मं, सगळं लिहा. मनाने काही बंद करू नका, कारण फिट्सची किंवा थायरॉइडची गोळी अचानक थांबवणं जास्त धोक्याचं असतं. त्या यादीसह डॉक्टरांकडे लवकर जा, काही औषधं गरोदरपणात बदलावीच लागतात. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळी घेणं आता बंद. कुठेही एक्स-रे काढायला सांगितला तर आधी 'मला दिवस गेलेत' हे सांगायचं.

आणि मिश्री. हे कुणी विचारत नाही, कारण मिश्रीला कुणी व्यसन मानतच नाही. कोकणातून, घाटावरून आलेल्या कितीतरी घरांत आजी, सासू, सून सगळ्याच सकाळी दाताला मिश्री लावतात. भाजलेली असली तरी ती तंबाखूच आहे. मुंबईतल्याच गर्भवतींच्या अभ्यासात तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्या बायकांची बाळं कमी वजनाची आणि जास्त करून वेळेआधी जन्मलेली आढळली होती. डॉक्टरांनी 'काही व्यसन?' विचारलं की आपण 'छे!' म्हणतो. मिश्री लावत असाल तर तिथे 'हो' म्हणा. दारू आणि सिगारेट पूर्ण बंद, घरातल्या पुरुषांची सिगारेटही घराबाहेर.

नाव कुठे घालायचं

मुंबईत पर्याय इतके आहेत की डोकं चक्रावतं. सोपं करून सांगते.

सगळ्यात जवळचं म्हणजे पालिकेचा दवाखाना किंवा आरोग्य केंद्र. तिथे नोंदणी, वजन, रक्तदाब, गोळ्या, लसी होतात. त्यावर पालिकेची प्रसूतिगृहं, जिथे साधी, बिनगुंतागुंतीची बाळंतपणं होतात. मग उपनगरातली मोठी रुग्णालयं: घाटकोपरचं राजावाडी, वांद्र्याचं आणि कुर्ल्याचं भाभा, कांदिवलीचं शताब्दी. आणि सगळ्यात वर परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर. परळलाच नवरोसजी वाडिया प्रसूती रुग्णालय आहे आणि सीएसएमटीजवळ राज्य सरकारचं कामा. खाजगी नर्सिंग होम तर गल्लोगल्ली.

नव्याने आलेल्या बायका सरळ केईएम किंवा सायनची रांग धरतात, कारण गावापर्यंत तीच नावं पोहोचलेली असतात. माझं मत विचाराल तर काही आजार नसेल, आधी सिझर झालेलं नसेल, जुळी नसतील, तर घराजवळच्या प्रसूतिगृहात नाव घाला. तिथे सिस्टर तुम्हाला नावाने ओळखायला लागतात आणि पुढे काही अडचण निघालीच तर तिथूनच वरच्या रुग्णालयात चिठ्ठी मिळते. रक्तदाब, साखर, हृदयाचा त्रास, आरएच निगेटिव्ह रक्तगट, आधीचं सिझर किंवा दोनदा गर्भपात, यातलं काही असेल तर मात्र पहिल्यापासून मोठ्या रुग्णालयात.

खाजगीत जाणार असाल तर पॅकेज किती हे शेवटी विचारा. आधी हे विचारा: रात्री दोन वाजता कळा आल्या तर डॉक्टर इमारतीत असतात की घरून येतात? भूल देणारे डॉक्टर? रक्त लागलं तर कुठून आणता? बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर सोय इथेच आहे की दुसरीकडे न्यावं लागेल? या चार प्रश्नांची उत्तरं देताना जिथे कपाळाला आठ्या पडतील, तिथे नाव घालू नका.

आता ती जुलैची तारीख. भर पावसात हिंदमाता तुंबतं, अंधेरीचा आणि मिलनचा सबवे बंद होतो, सायन-कुर्ल्याचे रूळ पाण्याखाली जातात. ड्यू डेट जून ते सप्टेंबरमधली असेल तर घर आणि रुग्णालय यांच्यामध्ये यातलं काय येतं ते नकाशावर एकदा बघा. कुर्ल्याला राहून परळला नाव घातलेल्या माझ्या नणंदेने २६ जुलैच्या (२००५ साली मुंबई बुडाली ती तारीख) आसपासचे दिवस आभाळाकडे बघत काढले होते. एक जवळचं रुग्णालय पर्याय म्हणून हेरून ठेवा आणि तिथे लागतील म्हणून कागदांच्या प्रती तयार ठेवा.

पहिल्या दिवशीची रांग

पालिकेच्या रुग्णालयात ओपीडीचे केस पेपर सकाळीच निघतात. आठच्या सुमाराला पोचा. गर्भवतींची ओपीडी काही ठिकाणी ठरावीक वारीच असते, तेव्हा आदल्या दिवशी कुणाला तरी पाठवून वार विचारून घ्या. नाश्ता करून जा. पहिल्या तपासणीच्या बहुतेक चाचण्यांना उपाशी राहायची गरज नसते, आणि उपाशीपोटी तीन तास उभं राहून चक्कर आलेल्या बायका मी दर खेपेला बघते. पिशवीत पाण्याची बाटली, खजूर किंवा चणे-गूळ ठेवा.

कागद: तुमचं आणि नवऱ्याचं आधार कार्ड, बँकेचं पासबुक, पत्त्याचा पुरावा, जुने रिपोर्ट. इथे नव्या सुनांची एक नेहमीची गोची होते. आधारवर माहेरचं नाव आणि गावचा पत्ता, पासबुकावर तिसरंच काही. यामुळे नोंदणी नाकारली जाऊ नये, आणि तपासणी तर नाहीच नाही. पण पुढे योजनेचे पैसे अडकतात ते इथेच. आधार दुरुस्तीला पहिल्या महिन्यातच अर्ज करून टाका, सातव्या महिन्यात त्या रांगेत उभं राहवत नाही.

आत गेल्यावर उंची, वजन, रक्तदाब, रक्त, लघवी. डॉक्टर विचारतील ते न लाजता सांगा: आधी गर्भ राहून पडला होता का, पाडला होता का, घरात कुणाला जुळी, साखर, रक्तदाब. सासूसमोर सांगायचं नसेल तर "मला एकटीला बोलायचंय" म्हणा, तो तुमचा हक्क आहे. घरात मारहाण होत असेल तर तेही इथेच बोला. पालिकेच्या अनेक रुग्णालयांत 'दिलासा' नावाचं केंद्र आहे. वांद्र्याच्या भाभात ते पहिल्यांदा सुरू झालं. तिथल्या ताई ऐकून घेतात आणि मार्ग काढतात.

बाहेर पडताना हातात माता आणि बाल संरक्षण कार्ड हवं. ते मिळालं नाही तर मागून घ्या. त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो लगेच मोबाइलमध्ये काढा आणि नवऱ्यालाही पाठवा. पावसात भिजलेली, लोकलमध्ये विसरलेली कार्डं मी पाहिली आहेत.

तपासण्या आणि त्यांच्या तारखा

सरकारी हिशेबाने कमीत कमी चार तपासण्या: पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४ आणि चौथी ३६ आठवड्यांनंतर. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून आठ भेटी सांगते. चार म्हणजे नापास न होण्यापुरते मार्क, एवढं ध्यानात ठेवा. शेवटच्या दोन महिन्यांत तर डॉक्टर बोलावतील तेव्हा जायचंच.

पहिल्या भेटीतल्या रक्ताच्या चाचण्यांत हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ ब या असतात. थायरॉइडही बहुतेक डॉक्टर सांगतात. एचआयव्हीचं नाव ऐकून नवरे बिथरतात. ही चाचणी सगळ्यांचीच करतात आणि निघालंच तर लवकर सुरू केलेल्या औषधांनी बाळाला बहुतेक वेळा वाचवता येतं, एवढं त्यांना सांगा. रक्तगट आरएच निगेटिव्ह आला आणि नवऱ्याचा पॉझिटिव्ह असेल तर २८ व्या आठवड्याच्या सुमारास एक इंजेक्शन लागतं. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. आपल्या तारखेत २८ वा आठवडा म्हणजे २४ एप्रिल. कालनिर्णयावर लिहा.

थॅलेसेमियाची, म्हणजे आईबापांकडून बाळाला येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, चाचणी मागून घ्या. मुंबईत सिंधी, कच्छी, लोहाणा कुटुंबांत याचं प्रमाण जास्त म्हणून त्यांना आवर्जून सांगतात, पण तो जात बघून येत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक (स्वतःला त्रास नाही, पण दोष पुढे देऊ शकणारे) असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. बाळाची तपासणी करायची तर ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यात करावी लागते. पाचव्यात नाव घालून हे कळलं, तर हातात वेळच उरत नाही.

साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा त्याहून वर गेला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पाणी भयंकर गोड असतं आणि उलटी झाली तर पुन्हा प्यावं लागतं, म्हणून हळूहळू घोट घ्या. पहिल्या भेटीत बरी आली तरी २४ ते २८ आठवड्यांत, म्हणजे २७ मार्च ते २४ एप्रिलच्या दरम्यान, पुन्हा करायची. 'मागच्या वेळी नॉर्मल होती की' म्हणून ही टाळू नका.

सोनोग्राफीच्या तारखांचं मात्र अगदी काटेकोर आहे. पहिली सहा ते नऊ आठवड्यांत: गर्भ पिशवीतच आहे ना, ठोके आहेत का, एक की दोन, दिवस बरोबर मोजलेत का. पाळी अनियमित असणाऱ्यांना हिच्याशिवाय खरी तारीख कळत नाही. दुसरी ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंत. आपल्या हिशेबाने २६ डिसेंबर ते १५ जानेवारी. यात बाळाच्या मानेमागची जाडी मोजतात आणि बरोबरीने डबल मार्कर नावाची, बाळातल्या जनुकांच्या दोषाची शक्यता सांगणारी रक्ताची चाचणी होते. माझी हुकली ती हीच. १६ जानेवारीला गेलात तर ती होत नाही, दुसऱ्या चाचण्या कराव्या लागतात.

तिसरी १८ ते २० आठवड्यांत, १३ ते २७ फेब्रुवारी. बाळाचं हृदय, मणका, मेंदू, किडन्या सगळं यात बघतात. ही २० आठवड्यांच्या आत व्हायला हवी, कारण मोठा दोष निघाला तर पुढचा निर्णय घ्यायला, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला आणि गर्भपाताच्या कायद्याच्या मुदतीत बसायला दिवस लागतात. मोठ्या सरकारी रुग्णालयात हिची तारीख लांबची मिळू शकते. म्हणून पहिल्याच भेटीत "अठराव्या आठवड्याची तारीख आत्ताच द्याल का?" असं विचारायचं. मिळाली नाही तर तेवढी एक बाहेर पैसे भरून करा, मी तेच केलं. सोनोग्राफीला ओळखपत्र लागतं आणि एक फॉर्म भरून घेतात. मुलगा की मुलगी हे सांगणं आणि विचारणं, दोन्ही १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. सासरी कुणी सुचवलंच तर भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवा.

रक्तदाब दर भेटीत मोजून घ्या आणि आकडा कार्डावर लिहिलाय का ते बघा. १४०/९० किंवा वर गेला तर लगेच लक्ष द्यावं लागतं. आधीच्या वेळी दाब वाढला होता, जुळी आहेत, किडनीचा त्रास आहे, अशांना डॉक्टर ॲस्पिरिनची छोटी गोळी देतात. तिचा उपयोग व्हायचा तर ती १६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला लागते. लवकर नाव घालायला सांगते ते यासाठीही.

धनुर्वाताची लस आता टीडी नावाने मिळते: एक नोंदणीच्या वेळी, दुसरी चार आठवड्यांनी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींना सरकारी केंद्रांत डॉक्टर फुकट तपासतात. हे २०१६ पासून चालू आहे. तीही खूण कॅलेंडरवर.

लाल गोळी आणि चहा

देशातल्या निम्म्याहून जास्त गर्भवतींचं रक्त कमी आहे, असं सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निघालं आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे धोक्याचं. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्त कमी असेल तर दोन. सोबत जंताची एक गोळी, तीही पहिले तीन महिने उलटल्यावरच.

गोळ्या मिळतात सगळ्यांना, पण खाल्ल्या जात नाहीत. मी किती घरांत फ्रिजवर न उघडलेल्या पट्ट्या पाहिल्या. कारणं ठरलेली: मळमळतं, पोट धरतं, शौचाला काळं होतं. काळं होणं हे गोळी पोटात गेल्याचं लक्षण, घाबरायचं नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर थोड्या वेळाने, झोपायच्या आधी घ्या. पोट धरत असेल तर पाणी, पेरू, पालेभाजी वाढवा. तरीही सोसत नसेल तर गोळी बंद करून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा. ते प्रकार बदलून देतात, गरज पडली तर इंजेक्शनातून लोह देतात.

खरा शत्रू चहा. आपण गोळी घेतो आणि वर अर्धा कप चहा मारतो. चहाने लोह अंगी लागत नाही. मध्ये तासभर तरी जाऊ द्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घेतली तर उलट चांगली लागू पडते. कॅल्शियमची पांढरी गोळी दिवसातून दोनदा, जेवणाबरोबर, आणि लाल गोळीपासून दोन तास लांब. दोन्ही एकदम गिळल्या तर कॅल्शियम लोहाच्या वाटेत येतं. आमच्या घरी दुपारी पांढरी, संध्याकाळी पांढरी, रात्री लाल असं फळ्यावर लिहिलं होतं.

डबा

दोघांचं जेवायचं नसतं. चौथ्या महिन्यापासून रोजच्यापेक्षा एक चपाती, एक वाटी वरण किंवा उसळ आणि एखादं फळ जास्त, एवढं पुरतं. अडचण दुसरीच असते: घरातली सून सगळ्यात शेवटी जेवते, तोवर उसळीत फक्त रस्सा उरलेला असतो. तिचं ताट आधी वाढा, हे नवऱ्याने घरात सांगायचं आहे. (नवरे हे वाचत असतील अशी आशा.)

मोड आलेली मटकी शिजवून, नाचणीची भाकरी, बाजरी, मेथी, शेपू, अंडी, दही, शेंगदाणे, तीळ. मासे जरूर खा, बांगडा आणि मांदेली उत्तम. मोरी मात्र नको आणि मोठी सुरमई रोज नको, मोठ्या माशांत पारा साठतो. कच्ची पपई टाळा. उघड्यावरची कापलेली फळं, पाणीपुरीचं पाणी, बर्फाचा गोळा यांची नऊ महिने रजा. डोहाळे लागले तर पुऱ्या आणून घरी उकळलेल्या पाण्याची पाणीपुरी करा, चव जरा कमी लागते पण कावीळ होत नाही. डिंकाचे लाडू बाळंतिणीचे, आत्तापासून डब्यात भरायची गरज नाही.

उलट्यांसाठी: उठल्या उठल्या अंथरुणातच कोरडं टोस्ट किंवा मूठभर कुरमुरे, मग पाय खाली. दर दोन तासांनी थोडं थोडं. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल तर घरगुती उपाय पुरे, रुग्णालय गाठा.

लोकल, बस आणि पाणी

सकाळची फास्ट लोकल पहिले आणि शेवटचे तीन महिने शक्य तेवढी टाळा. साहेबांना तासभर उशिरा यायची परवानगी मागा. दिव्यांगांच्या डब्यात गर्भवतींनाही बसता येतं, फाइल किंवा डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा, म्हणजे पोट दिसत नसताना वाद होत नाही. बेस्टमध्ये पुढच्या दाराने चढा. धावत गाडी पकडायची सवय मात्र आजच सोडा.

मुंबईतल्या नोकरदार बाया पाणी कमी पितात, कारण वाटेत स्वच्छ संडास नाही. गरोदरपणात हे महागात पडतं. लघवीचा संसर्ग होतो, कधी कधी जळजळही होत नाही, आणि त्यातून वेळेआधी कळा येऊ शकतात. म्हणून लघवीची तपासणी चुकवू नका. ऑफिसातून निघताना, उतरल्यावर, जमेल तिथे जाऊन या, आणि पाणी प्याच.

पावसाळ्यात

ताप आला की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. जूननंतर मुंबईत ताप म्हणजे मलेरिया किंवा डेंग्यूही असू शकतो आणि गर्भवतीला मलेरिया जास्त जोरात धरतो. त्याच दिवशी रक्त तपासा. तोवर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, दुसरी वेदनाशामक गोळी अजिबात नाही. मच्छरदाणी लावा, चाळीतली पाण्याची पिंपं झाका.

तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात तर लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते. अशा वेळी पालिकेचे लोक प्रतिबंधक गोळ्या वाटतात. ती सगळ्यांना दिली जाणारी डॉक्सिसायक्लिनची गोळी गर्भवतीसाठी नसते. "मला दिवस गेलेत" म्हणा, तुमच्यासाठी वेगळं औषध आहे.

हे झालं तर रांग नाही, थेट आत

अंगावरून रक्त जाणं. पोटात, विशेषतः एका बाजूला, जोरात दुखणं, सोबत चक्कर किंवा खांदा दुखणं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत हे झालं तर गर्भ नळीत असू शकतो आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणं, फिट येणं. पाणी जाणं. धाप लागणं. बाळाची हालचाल कमी वाटणं. हे शेवटच्या महिन्यांत सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं, 'झोपलं असेल' म्हणून. १०८ वर फोन करा, रुग्णवाहिका फुकट आहे. तिला वेळ लागत असेल तर रिक्षा, टॅक्सी, जे मिळेल ते.

आणि लवकर गर्भ पडला तर ते तुम्ही हंडा उचलला म्हणून नव्हे. बहुतेक वेळा गर्भातच मुळात जनुकांचा दोष असतो. कुणी बोल लावला तरी मनाला लावून घेऊ नका. मन फारच खचलं असेल, झोप उडाली असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं.

पैसे आणि रजा

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जाण्या-येण्याची गाडी हे सगळं जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत असायला हवं. पहिल्या बाळाला पात्र कुटुंबांत मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,०००. पहिला हप्ता लवकर नोंदणी आणि तपासणीवर अवलंबून असतो. खातं स्वतःच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

नोकरीत गेल्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्यातली आठ आठवड्यांपर्यंत आधी घेता येते. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

माहेरी जाणार असाल तर

पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात ओटीभरण झालं की गाडीत बसवायचं, ही आपली रीत. चांगलीच आहे. पण मग हे पहिल्याच महिन्यात ठरवा. गावाकडचं रुग्णालय कुठलं, तिथे सिझरची आणि रक्ताची सोय आहे का, हे भावाला जाऊन बघून यायला सांगा. २८ आठवड्यांच्या आधी एकदा तिथे जाऊन नाव घालून या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला पाहिलेलं असतं. प्रवासाला निघण्याआधी इथल्या डॉक्टरांना विचारा. रक्तदाब वाढल्याचं किंवा वार (बाळाला पोसणारी प्लॅसेंटा) खाली असल्याचं निघालं असेल तर रीत बाजूला ठेवून मुंबईतच थांबावं लागेल, आणि आईला इकडे बोलवावं लागेल.

जाताना सगळी मूळ फाइल बरोबर, सामानाच्या बॅगेत नव्हे, खांद्याच्या पर्समध्ये. माझ्या जाऊबाईंची बॅग दादरला फलाटावरच राहिली होती. डोहाळजेवणाचा हिरवा शालू गेला त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. फाइल खांद्याला होती.